पाच पाकिटांची हळद

व्यंकटराव मोरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या ऑफिसात एका नव्याकोऱ्या शाळेच्या बेंचवर बसले होते. बसायचे, डावीकडे कलायचे, उजवीकडे कलायचे, उठायचे, परत बसायचे. साठी ओलांडलेला, पांढऱ्या शर्टातला माणूस हे काय चाळे करतोय, मला कळेना. शेवटी ते आमच्या मालकांना, रेड्डीसारांना म्हणाले, "डाव्या पायाला वेल्डिंग कमी आहे. पोरं झुलत्यात ह्याच्यावर." मग माझ्याकडे वळले. "नवी का तू? मराठी दिसायलीस. कुणीकडची?" मी म्हटलं, मूळ नांदेडकडचे आम्ही, पण माझा जन्म इथलाच, मलकपेठचा. "बरं. जेवलीस का?"

कुठलंही बोलणं असो, त्यांचा तिसरा प्रश्न हाच. त्यांना सगळे मामा म्हणत. तेलुगू, मारवाडी, मुसलमान, सगळे. माझी नोकरी नवी होती म्हणून मी रेड्डीसारांना विचारलं, मामा कुठल्या कंपनीत आहेत? सार हसले. "हमारे में भी हैं, उनके में भी." मला वाटलं, सारांना माझी थट्टा करायची आहे. पण ते अगदी खरं बोलत होते.

सांगते. आमचा कारखाना सरकारी शाळांना लोखंडी बेंच पुरवायचा. शहरात असे पाच कारखाने. निविदा निघाली की पाचही जण दर भरत, आणि ज्याचा दर कमी त्याला काम. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की काय ही जीवघेणी स्पर्धा! आत मात्र सगळं आधीच ठरलेलं असे. या वेळी काम कोणाचं आणि त्याने कितीचा दर लिहायचा हे मामा ठरवत. बाकीचे चौघं नुसते दाखवायला त्याच्यापेक्षा चढे दर भरत. पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी. शाळेचं खातं पाच पाकिटं उघडायचं आणि आतला दर एकाच माणसाच्या डोक्यातला असायचा. कायद्यानं हा गुन्हा आहे. आमच्याकडे त्याला नुसतं "पाळी" म्हणत, आणि मीही कित्येक वर्षं तसंच म्हणत आले. आता चांगुलपणाचा आव आणत नाही.

ही पाळी गुरुवारी दुपारी चार वाजता लागे. काचीगुडा स्टेशनासमोर एक इराणी हॉटेल आहे, तिथे कोपऱ्यातल्या गोल टेबलाभोवती पाच मालक आणि मामा. निविदेच्या अटी वाचायचा सारांना कंटाळा, म्हणून फाईल घेऊन मी शेजारच्या टेबलावर. पाच जण तासभर बोलत, पण धंद्याचा एक शब्द नाही. कोणाचं ब्लडप्रेशर, कोणाच्या मुलीचं ठरलंय, कोणाच्या गल्लीत पाणी येत नाही. चहा आला की मामा प्लेटमधलं एक उस्मानिया बिस्किट उचलत आणि कोणाच्या तरी बशीत ठेवत. झालं. त्याची पाळी. दर नंतर एकेकाला स्टेशनाच्या फाटकापर्यंत चालता चालता सांगत. फोनवर काही लिहायचं नाही, कागदावर तर नाहीच. पाचातले हमीदभाई म्हणायचे, "बिस्किट खा लिए, सबूत खतम."

आणि टेबलावर यायचंच, हा नियम. एक गुरुवार कोणी चुकला तर मामा हसून सोडत. दुसरा चुकला की संध्याकाळी त्याच्या घरी हजर. हातात सीताफळं नाहीतर पेढे. "म्हटलं तब्येत बघून यावी." त्या माणसाची तब्येत ठणठणीत असायची, पण पुढच्या गुरुवारी तो पावणेचारलाच येऊन बसायचा.

एकदा मी विचारलं, मामा, एवढी वर्षं पाच माणसं एकत्र राहतात तरी कशी? सख्खे भाऊ राहत नाहीत. मामांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली. "लोकांना वाटतं, पैशावरून फुटत्यात. नाही गं. आपल्याला कुणी विचारलं नाही, म्हणून फुटत्यात. प्रत्येकाला विचारत राहायचं. बास."

हे ते नुसतं बोलत नव्हते. हमीदभाईंनी एकदा पाळी मोडली. बिस्किट दुसऱ्याच्या बशीत गेलेलं असताना यांनी गुपचूप कमी दर भरला आणि काम उचललं. बाकीचे चौघं खवळले. पुढच्या सगळ्या निविदांत हमीदला पाडायचं, त्याला पत्रा मिळू द्यायचा नाही, असं ठरायला लागलं. मामा म्हणाले, थांबा. ते हमीदभाईंच्या घरी गेले, जेवले आणि परत येऊन म्हणाले, त्याची आई तीन महिने अंथरुणाला खिळली होती, आणि तुमच्यातला एक माणूस बघायला गेला नाही. मीपण गेलो नाही. चूक माझी. पुढच्या आठवड्यात चौघंही हमीदभाईंच्या आईला बघून आले. हमीदभाई गुरुवारी आले, उभ्या उभ्याच म्हणाले, "गलती हो गई मामा," आणि त्यानंतर त्यांनी कधीच पाळी मोडली नाही. असं बांधून ठेवलेलं माणूस पोलिसांनासुद्धा सोडवता येत नाही.

मामांना यातून काय मिळे? दिवाळीला पाचही जण काहीबाही देत, तेवढंच. काचीगुड्यातच दोन खोल्यांचं घर. बायको वारलेली, मुलगा बंगळुरूला. वडील उदगीरकडचं शेत भावांवर सोडून निजामाच्या काळात इकडे आले, तेव्हापासून घराणं इथंच. एकट्या माणसाला गुरुवार हवा होता, असं माझं आपलं मत.

त्यांच्या खिशात एक पितळी करंडा असे. बायकोचा. एका कप्प्यात हळद, दुसऱ्यात कुंकू. नवा कागद हाती आला की उजव्या कोपऱ्यात आधी हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचा ठिपका. घरभाड्याचा करार, गॅसचा फॉर्म, काहीही. निविदेच्या वेळी ज्याची पाळी असेल त्याच्याच पाकिटाला ते हळदकुंकू लावत. निविदा आता कॉम्प्युटरवर भरतात, पण सह्याशिक्क्याचे मूळ कागद पाकिटातून नेऊन द्यावेच लागतात. ती पाचही पाकिटं मामाच आमच्या ऑफिसात बसून बंद करायचे आणि मग एकेका कारखान्याचा माणूस येऊन आपापलं घेऊन जायचा.

माझ्या मुलीच्या कॉलेजचा फॉर्म मी टेबलावर भरत होते तेव्हा त्यांनी करंडा काढला. मी हात आडवा धरला. "मामा, आमच्याकडे लावत नाहीत." आम्ही बौद्ध. बाबासाहेबांच्या फोटोसमोर फूल ठेवू, मेणबत्ती लावू, पण कागदाला हळदकुंकू आमच्या घरात चालायचं नाही. मामांना राग आला नाही. करंडा मिटवत म्हणाले, "ठावं आहे मला. तुझ्या कागदाला नाही लावत. मनात लावतो. त्याला काय करशील?" मी म्हटलं, मनात तुमचं राज्य, तिथे लावा हवं तेवढं. ते दिवसभर खूश होते.

हे सगळं वाचून तुम्हाला मामा गोड वाटायला लागले असतील. थांबा जरा. मलकपेठेत, माझ्या घरामागच्या गल्लीत, यादगिरी नावाचा वेल्डर होता. हुशार. शेड टाकली, दोन माणसं ठेवली आणि एका वर्षी त्यानं सरळ निविदा भरली. पाच जणांपेक्षा बराच कमी दर. काम त्याला मिळालं. मग मामा अफझलगंजात पाइपच्या व्यापाऱ्यांकडे एक चक्कर मारून आले. कोणाला दम दिला नाही, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, पाच जण तुमचं कायमचं गिऱ्हाईक, तो एकटा आज आहे, उद्या नाही. यादगिरीला पाइप मिळेना. वेळेत माल पोचला नाही, खात्यानं काम काढून घेतलं, शेड बंद झाली. आणि हेच मामा मिठाईचा पुडा घेऊन त्याच्या घरी गेले आणि त्याला हमीदभाईंच्या कारखान्यात नोकरीला लावून आले!

मी त्यांच्याशी दोन आठवडे बोलले नाही. तिसऱ्या आठवड्यात तेच आले. "जेवलीस का?" मी म्हटलं, यादगिरी जेवला का ते विचारा. मामा म्हणाले, "त्याची सोय लावली की." त्यांना खरंच वाटत होतं की सोय लावली. माणसाचा धंदा बुडवायचा आणि त्याच्या पगाराची काळजी करायची, यात काही चुकतंय असं त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. पाच घरं चालायला हवीत, इथेच त्यांचं जग संपत होतं. त्या जगात ते अगदी देवमाणूस होते, आणि मला त्यांचा संताप यायचा, आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय करमायचंही नाही.

मग ती शाळा. आमची पाळी होती, बेंच आमचे होते आणि माल उतरवून घ्यायला सारांनी मला पाठवलं. मामा म्हणाले, मीपण येतो, रिकामाच आहे. शाळा माझीच निघाली, मलकपेठेतली, जिथे मी सातवीपर्यंत शिकले. मुख्याध्यापिका भल्या बाई होत्या. बेंच मोजून घेतले, सही केली आणि म्हणाल्या, पाच वर्गांचे बेंच येतील असं वाटलं होतं, पण मंजूर पैशात या दराने तीनच वर्गांचे बसले. मामा नुसतेच मान हलवत होते. बाईंनी कोपऱ्यातला वर्ग दाखवला. तिसरीची मुलं तरटावर बसलेली. एक पोट्टी गुडघ्यावर वही ठेवून, पाठीला पोक काढून लिहीत होती. आम्हाला बघून तिनं शेजारणीला ढकललं, तरटावर जागा केली आणि मामांना म्हणाली, "कूर्चोंडी ताता." बसा आजोबा.

आणि मामा बसले. खरंच बसले, त्या तरटावर, पांढऱ्या पँटीत. दोन मिनिटं असतील. उठताना मी हात दिला. बाहेर रिक्षात म्हणाले, "तू कशावर बसायचीस गं शाळेत?"

"तरटावरच. पाठ दुखायची."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही जेवलीस का एवढंच विचारता," मी म्हटलं. बोलून गेले आणि वाईट वाटलं. पण खरं होतं ते. दर वेळी आमचा ठरवून दिलेला दर कॉम्प्युटरवर मीच टाइप करत होते. म्हणजे त्या पोरीला तरटावर बसवणाऱ्यांत मीही होतेच.

पुढच्या गुरुवारी मामांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा टेबलावर धंदा काढला. चहा यायच्या आधीच म्हणाले, "दर उतरवा. पोरं खाली बसायलीत."  रेड्डीसार म्हणाले, "मामा, ये रेट आपने ही बनाए ना?" ते वाईट हेतूनं बोलले नव्हते. चहा आला. मामांनी बिस्किट हमीदभाईंच्या बशीत ठेवलं. दर तोच राहिला. आपणच बांधलेलं आपल्याला सोडता येत नाही, हे त्यांच्या तोंडावर मी त्या दिवशी वाचलं.

त्या निविदेची पाकिटं बंद करताना मी समोर होते. मामांनी हमीदभाईंच्या पाकिटाला हळदकुंकू लावलं. मग दुसऱ्यालाही लावलं. मग तिसऱ्याला. मी म्हटलं, मामा, पाचही पाकिटांना? म्हणाले, "पोरांच्या बसायचं काम आहे. कुणाचंबी निघो, चांगलं निघो." दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून त्यांनी ते केलं. मी थांबवायला हवं होतं. पण मला त्यांचा चेहरा बघवला नाही, मी उठून पाणी प्यायला गेले.

खात्यात त्या वर्षी नव्या अधिकारी बाई आल्या होत्या. त्यांनी पाच पाकिटं टेबलावर ओळीनं मांडली. पाच वेगवेगळ्या कारखान्यांची, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांची पाकिटं, आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात तोच पिवळा ठिपका, त्यावर तोच लाल, त्याच बोटाचा. बाई स्वतः हळदकुंकू लावणाऱ्या घरातल्या होत्या. त्यांना काही समजवावं लागलं नाही.

चौकशी लागली. त्यात एक मेख अशी की जो पहिला कबुली देईल त्याला दंडात मोठी सूट. मामांना हे कळलं तेव्हा ते मला म्हणाले, "माझे पाच जण नाही फुटायचे. मीपण तोंड उघडणार नाही."  कबुलीच्या पहिल्याच सकाळी साडेनऊ वाजता पाचही मालक आपापला वकील घेऊन त्या ऑफिसच्या जिन्यावर एकमेकांना भेटले. चार वाजताच्या चहाला ज्यांना ओढून आणावं लागे, ते त्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी हजर. हमीदभाईंनी मान खाली घातली म्हणे. बाकीच्यांनी तीही घातली नाही. हे मला आमच्या ड्रायव्हरनं सांगितलं आणि मीच मामांना सांगितलं. ते बराच वेळ करंडा उघडत-मिटत बसले.

पण खरा घोळ पुढेच होता. पहिल्या कबुलीची सूट दुसऱ्यानं पटकावल्यावर रेड्डीसारांच्या वकिलानं पवित्रा बदलला आणि लिहून दिलं की मालकांना काहीच माहीत नव्हतं. पाकिटं आमच्या ऑफिसातल्या क्लार्क बाई तयार करत, पाचही कारखान्यांशी संधान त्यांनीच बांधलं आणि हळदही त्यांनीच लावली. क्लार्क बाई म्हणजे मी. सतरा वर्षांची नोकरी, घरात मुलगी शिकतेय, नवऱ्याचा पगार बेताचा. मला बोलावणं आलं. सारांनी असं करावं? रागापेक्षा मला रडूच जास्त येत होतं.

चौकशीच्या खोलीत पाचही मालक एका बाजूला बसलेले, मामा दाराजवळच्या स्टुलावर. त्यांनाही बोलावलं होतं, पण आतापर्यंत प्रत्येक प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर झालं होतं, आठवत नाही. अधिकारी बाईंनी माझ्यासमोर पाकिटं ठेवली. "ही हळद तुम्ही लावली?" मी सारांकडे बघितलं. रेड्डीसार खिडकीबाहेर बघत होते.

तेवढ्यात मामा उठले. कोणी विचारलं नव्हतं. "मॅडम, ये बच्ची बुद्धिस्ट है. इनके घर में कागज कू हल्दी नै लगाते. इसकी बेटी के फॉर्म कू मैं लगाने गया तो हाथ पकड़ी मेरा." खिशातून करंडा काढला, उघडला, बाईंच्या टेबलावर ठेवला. "हल्दी मेरी है. सब मेरा है. पूछो, क्या पूछना है."

 ज्या माणसानं पाच जणांना एकत्र ठेवण्यात अख्खं आयुष्य घालवलं आणि दर या शब्दाला कधी कागदावर येऊ दिलं नाही, तो माणूस दोन तास बोलत होता. किती वर्षं, कोणाची पाळी कधी, बिस्किट, सगळं. पाचातला एकही त्यांच्याकडे बघत नव्हता. त्यांचं बोलून झाल्यावर मला जायला सांगितलं. माझा सविस्तर जबाब शुक्रवारी ठेवला.

मधला दिवस गुरुवार. मला माहीत होतं, ते तिथे असणार. चार वाजता मी इराणी हॉटेलात गेले. गोल टेबलावर मामा एकटे. पाच खुर्च्या रिकाम्या. मी पहिल्यांदाच शेजारचं टेबल सोडून त्या टेबलावर बसले. म्हटलं, मामा, उद्या मी काय सांगू? यादगिरीचं तुम्ही सांगितलं नाहीत. ते मी सांगितलं तर तुमच्यावरच येईल. नाही सांगत मी.

 चहा आला. मामांनी प्लेटमधलं बिस्किट उचललं, माझ्या बशीत ठेवलं.

"तुझी पाळी," म्हणाले. "सगळं सांग. माझ्या नावासकट. यादगिरीचं मला सांगायचं होतं गं, जीभच वळेना. तू सांग."

मी सांगितलं. पाचही कारखान्यांना दंड झाला, मामांनाही झाला. तो भरून ते बंगळुरूला मुलाकडे गेले आणि तिथेच वारले. यादगिरीनं शेड परत उघडली आहे. त्या तिसरीच्या वर्गात आता त्याचे बेंच आहेत, मी जाऊन बसून बघितलं, कुरकुरत नाहीत. मी नोकरी बदलली. त्या हॉटेलावरून रोज जाते, आत जात नाही.

माझ्या डोळ्यांसमोर मामा आहेत ते त्या गुरुवारचेच. बशीतल्या बिस्किटाकडे बघून मला हुंदका आला, पण सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. मी ते चहात बुडवलं आणि खाल्लं. मामा बघत होते. खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "जेवली नव्हतीस ना?" आणि पोऱ्याला हाक मारून माझ्यासाठी आणखी एक प्लेट मागवली.